जपानमधला जुकेन (प्रवेशपरीक्षा) : तुमच्या घरात काय घडलं? (अनुभव धागा)

कावासाकीकर

गेल्या आठवड्यात लेकीने दप्तरातून एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. 'बुनकेई (कला-वाणिज्य) की रिकेई (विज्ञान)', एकावर खूण करा, पालकांचा हांको (शिक्का) उमटवा, शुक्रवारपर्यंत परत द्या. ती कोओकोओच्या (इथलं हायस्कूल) पहिल्या वर्षात आहे, म्हणजे आपली दहावी. म्हटलं, अगं अजून दोन वर्षं आहेत. तर म्हणते, "आई, बुनकेई घेतलं तर पुढे मला फिजिक्सच नाही."

आम्ही पुण्याचे. बारावी, सीईटी, कॅप राउंड, कटऑफ एवढंच मला ठाऊक. आधी मार्क हातात, मग कॉलेजांची यादी. इथे मामला उलटा दिसतोय. आधी विद्यापीठ आणि विभाग ठरवा, मग त्यांना कुठले विषय लागतात ते बघा, मग तेवढाच अभ्यास. ज्यांच्या मुलांचं हे पार पडलंय त्यांनी लिहा. टिपा आणि वेळापत्रकं नेटवर मिळतात, मला घरात काय झालं ते हवंय.

साइतामाचा बाबा

आमचा मुलगा २०२३ च्या जानेवारीत क्योओत्सू टेस्टला, म्हणजे विद्यापीठांच्या सामायिक प्रवेशपरीक्षेला बसला. २०२० पर्यंत ही परीक्षा 'सेंटर' होती, आमचे शेजारी अजून सेंटरच म्हणतात. १३ जानेवारीनंतरचा पहिला शनिवार-रविवार, अख्ख्या देशात एकाच वेळी. राष्ट्रीय विद्यापीठ हवं असेल तर विज्ञानवाल्यालाही कोकुगो (जपानी भाषेचा पेपर) सुटत नाही, आणि त्यात जुनी जपानी आणि जुनी चिनीसुद्धा. आपल्याकडे इंजिनियरिंगला जाणाऱ्याला ज्ञानेश्वरीच्या ओव्यांचा अर्थ विचारावा तसं. २०२५ पासून वर माहिती-तंत्रज्ञानाचा पेपर आलाय.

पण मला धक्का बसला तो परीक्षेनंतर. प्रश्नपत्रिका घरी आणायची, आपण कुठला गोल काळा केला ते तिच्यावर लिहून ठेवायचं, आणि सोमवारी उत्तरं बघून स्वतःच स्वतःचे गुण मोजायचे. खरे गुण आम्हाला कळले एप्रिलनंतर! अर्ज मात्र फेब्रुवारीच्या सुरुवातीलाच बंद. तोवर पोरांनी मोजलेले गुण क्लासवाले गोळा करतात आणि प्रत्येकाच्या हातात ए ते ई असं अक्षर ठेवतात. ए म्हणजे बिनधास्त जा, सी म्हणजे निम्मी आशा. आमचं आलं डी.

राष्ट्रीय विद्यापीठाच्या पहिल्या फेरीत एकच अर्ज करता येतो. परीक्षा २५ फेब्रुवारीला, त्या विद्यापीठाची स्वतःची, पानंच्या पानं लिहायची. दुसरी फेरी मार्चच्या मध्याला, पण तिथे जागा मोजक्याच. शाळेत सानशा मेनदान झालं, म्हणजे शिक्षक, मुलगा आणि मी. सर म्हणाले, "चॅलेंज करायचं असेल तर करायला हरकत नाही." मी खूश. घरी आल्यावर बायको म्हणाली, अहो, ते नाही म्हणाले! ती इथल्या ऑफिसात सहा वर्षं काम करते, तिला ही भाषा कळते. मुलाने चॅलेंज केलं. दोन्ही फेऱ्या गेल्या. एक वर्ष रोनिन, म्हणजे घरी राहून पुन्हा तयारी.

त्याच बाबाचा मुलगा

बाबांनी लिंक पाठवली म्हणून लिहितोय. मराठी टायपिंगला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

सर नाही म्हणत होते हे मला तिथेच कळलं होतं. बाबांकडे बघून गप्प बसलो. मला तिथेच जायचं होतं.

रोनिन म्हणजे धनी नसलेला सामुराई. ऐकायला भारी, प्रत्यक्षात रोज सकाळी नऊला योबिकोओ (प्रवेशपरीक्षेचा क्लास) आणि रात्री नऊला ट्रेन. माझ्या मित्रांपैकी कुणी मला नापास म्हटलं नाही. पुण्याच्या आजीने मात्र फोनवर विचारलं, "एवढा हुशार मुलगा, नापास कसा झाला रे?" मी सांगितलं, आजी, नापास नाही, फक्त आत नाही घेतलं. तिला फरक पटला नाही. मलाही तेव्हा नीट पटत नव्हता.

हेन्साचीबद्दल एक, म्हणजे बाकीच्यांच्या तुलनेत आपण कुठे आहोत ते सांगणारा आकडा. सरासरी नेहमी ५०, त्यामुळे तुम्ही सुधारलात आणि सगळेच सुधारले तर आकडा हलत नाही. माझा जूनमध्ये खाली गेला, कारण काही सराव परीक्षांना बसणारे बहुतेक रोनिनच. त्या आठवड्यात मी आकाहोन (जुन्या प्रश्नपत्रिकांची लाल पुस्तकं) उघडलंच नाही. पुढच्या मार्चमध्ये त्याच विद्यापीठाच्या साइटवर माझा नंबर दिसला. आईने तीनदा ताडून पाहिला.

नागोयाचा हिशोबनीस

पैशाचं कुणी बोललं नाही. राष्ट्रीय विद्यापीठाची ठरलेली प्रवेश फी २,८२,००० येन आणि वर्षाची फी ५,३५,८००. काहींनी अलीकडे वाढवली आहे, तोक्यो विद्यापीठाने २०२५ पासून ६,४२,९६० केली. खाजगी याहून बरंच महाग, आणि नुसत्या परीक्षेचे ३५,००० च्या आसपास. लेकीने चार खाजगी दिल्या.

खरी गंमत पुढे. खाजगीचा निकाल फेब्रुवारीत, राष्ट्रीयचा मार्चमध्ये. मधल्या काळात जागा धरून ठेवायची तर प्रवेश फी भरा. आम्ही अडीच लाख भरले, मग राष्ट्रीयला लागली, अडीच लाख पाण्यात. २००६ मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की ३१ मार्चच्या आत नाही म्हटलं तर शिक्षण फी साधारणपणे परत मिळते, प्रवेश फी मात्र नाही. तेव्हा हा खर्च आधीच धरून ठेवा.

दोन पोरींची आई

आमची थोरली परीक्षेला बसलीच नाही. शितेइको सुइसेन. ठरावीक विद्यापीठं ठरावीक शाळांना एक-दोन जागा देतात आणि शाळा आतल्या आत निवड करते. पहिल्या वर्षाच्या पहिल्या चाचणीपासूनची सरासरी धरतात, त्यांना ५ पैकी ४.३ हवी होती. डिसेंबरात सगळं संपलं. फक्त नाव पुढे गेलं की मागे फिरायचं नाही, शाळेचा शब्द जातो. वर्गातली बाकीची मुलं मार्चपर्यंत घासत होती, तेव्हा ही त्यांच्यासमोर हसायची नाही. आता वर्षभरातले निम्म्याहून अधिक प्रवेश शिफारस किंवा मुलाखतीच्या वाटेनेच होतात, त्यामुळे 'जपान म्हणजे परीक्षेचं नरक' हे जुनं झालं. धाकटीला मात्र हा मार्ग नको, तिला डॉक्टर व्हायचंय. २०१८ मध्ये एका वैद्यकीय विद्यापीठाने मुलींचे गुण गुपचूप कमी केल्याचं उघड झालं, ते तिने शाळेत असताना वाचलं होतं. तेव्हापासून ती प्रत्येक ठिकाणचे मुलं-मुलींचे आकडे आधी बघते.

फुकुओकाची सून

सासूबाईंनी नातवासाठी दाझाइफूच्या देवळातून ताईत आणला. तिथे सुगावारा नो मिचिझाने, विद्येचा देव. माणूस खरा होऊन गेलेला, पंडित. दरबारातून हद्दपार झाला आणि ९०३ साली तिथेच गेला. आमच्या देवघरात आता गणपतीशेजारी तो. परीक्षेच्या आदल्या रात्री सासूबाईंनी कात्सु (मांसाचे कटलेट) तळले, कारण कात्सु म्हणजे जिंकणेसुद्धा. मी शाकाहारी, म्हणून माझ्यापुढे सुरणाचे. त्या महिन्यात 'पडला', 'घसरला' हे शब्द घरात बंद. मी एकदा जिन्यात घसरले तर मुलगा ओरडला, "आई, बोलू नकोस काय झालं ते!"

ओसाका व्हाया पुणे

माझी वाट निराळी. पुण्यातून बारावी, मग जपान सरकारची मोंबुशो शिष्यवृत्ती. गणित, भौतिकशास्त्र, रसायन, इंग्रजी आणि जपानीच्या लेखी परीक्षा, मुलाखत, मग एक वर्ष नुसती भाषा आणि पायाभूत विषय. वर्षाअखेर विद्यापीठ वाटून देतात. मला यादीतलं तिसरं मिळालं. स्वतःच्या खर्चाने येणाऱ्या परदेशी मुलांसाठी एजु (EJU) ही परीक्षा आहे, जून आणि नोव्हेंबरमध्ये. पण इथल्याच कोओकोओत शिकलेल्या मुलांना एजुची वाट बहुतेक ठिकाणी बंद असते, हे कावासाकीकरांनी आधीच विचारून घ्यावं.

कावासाकीकर

सगळ्यांचे आभार. लेकीने धागा माझ्या आधी वाचून काढला. सध्या रिकेईवर पेन्सिलची खूण आहे. साइतामाच्या बाबांना एक विचारू का? योबिकोओला वर्षाचे किती गेले?

साइतामाचा बाबा

आकडा इथे नको, व्यनि (खाजगी निरोप) करतो. आमची हीपण हा धागा वाचते.