मुकादम ते खासदार

श्री ठाणेदार हा मराठी माणूस अमेरिकेत खासदार झाला, त्या निमित्ताने प्रश्न निघतो: भारतातून जाऊन अमेरिकेत खासदार झालेला पहिला माणूस कोण? दलीपसिंग सौंद. पंजाबातले, १९२० साली गेले, कॅलिफोर्नियातल्या बर्कले विद्यापीठातून १९२४ मध्ये गणितात पीएच.डी. आणि मग नोकरी काय? कॅलिफोर्नियात इंपीरियल व्हॅलीत कापूस वेचणाऱ्या टोळीवर मुकादम! आम्हा परभणीकरांना मुकादम म्हणजे काय हे सांगायला नको, पण डॉक्टरेटवाला मुकादम अजून आमच्याकडंही निघाला नाही.

पुढे स्वतः शेती केली. मात्र नागरिकत्व नाही, म्हणून त्या राज्याच्या कायद्याने जमीन नावावर होत नव्हती. १९२३ च्या भगतसिंग थिंद खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने भारतीय माणसाला नागरिकत्वाचं दारच बंद केलेलं. सौंद आणि इतरांनी खटपट केली, १९४६ ला नागरिकत्वाचा कायदा बदलला, १९४९ ला ते नागरिक झाले. वर्षभरात इंपीरियल व्हॅलीतल्याच वेस्टमोरलंडला न्यायाधीशपदाची निवडणूक जिंकली, तर म्हणे नागरिक होऊन एक वर्ष झालेलं नाही, निवड रद्द! (आपल्याकडं असा माणूस लगेच कोर्टात गेला असता.) ते थांबले, १९५२ ला पुन्हा उभे राहून जिंकले.

१९५६ ला अमेरिकेच्या संसदेवर निवडून आले. विरोधात जॅकलिन कॉक्रन, नावाजलेल्या वैमानिक, पैसाही भरपूर. सौंद एकूण तीनदा निवडून आले. १९६२ मध्ये पक्षाघात झाला, प्रचाराला उभंही राहता आलं नाही, आणि ती निवडणूक गेली.

आमच्याकडं शेजारच्या तालुक्यातला उमेदवार आला तरी 'उपरा' म्हणून गाव पेटतं.