फिफ्थ व्हील की ट्रॅव्हल ट्रेलर? आधी दारावरचा स्टिकर बघा

शेजारी ग्रुप, ईस्ट बे, कॅलिफोर्निया
गुरुवार, रात्री ९ नंतर

मंदार: मंडळी, सल्ला हवाय. आई पुण्याहून सहा महिन्यांसाठी येतेय. गुडघ्यांमुळे तिला तंबूत झोपवणं शक्य नाही, म्हणून ट्रेलर घ्यायचं चाललंय. फिफ्थ व्हील बघितलं, म्हणजे ज्याचं नाक ट्रकच्या बेडमध्ये, मागच्या उघड्या हौद्यात, टेकतं ते. आतून चक्क घर वाटतं. दुसरा पर्याय ट्रॅव्हल ट्रेलर, तो ट्रकच्या मागच्या बॉलला जोडतात. माहितीपत्रकावर 'हाफ-टन टोएबल' लिहिलंय. आपला ट्रक हाफ-टन (मोठ्या पिकअपांतला हलका वर्ग), चार दारांची क्रू कॅब, साडेपाच फुटी बेड. चालेल ना?

सुहासकाका: ड्रायव्हरचं दार उघड. चौकटीवर पिवळ्या पट्ट्याचा स्टिकर आहे. माणसं आणि सामान मिळून किती पौंडांच्या वर जायचं नाही, तो आकडा पाठव. टोइंग कपॅसिटी, म्हणजे किती ओढेल तो आकडा, नकोय. तो जाहिरातीचा आकडा.

मंदार: १,६५५

सुहासकाका: आता तुम्हा पाच जणांचं वजन सांग. ड्रायव्हरसकट. हा आकडा ड्रायव्हर धरून असतो, बरेच जण तिथेच चुकतात.

मंदार: आम्ही दोघं ३००, आई १३०, मुलं मिळून १४०. म्हणजे ५७०.

सुहासकाका: कूलर, हत्यारं, खुर्च्या, लाकडं यांचे १२० धरू. झाले ६९०. उरले ९६५ पौंड. ट्रेलर ट्रकवर जेवढा टेकणार तेवढा या ९६५ मध्ये बसला पाहिजे. बेडवर कव्हर किंवा पायऱ्या मागाहून बसवल्या असतील तर त्यांचंही वजन यातूनच जाणार.
फिफ्थ व्हीलची पिन, म्हणजे ट्रकला जोडणारा खालचा खुंटा, एकूण वजनाच्या साधारण २० टक्के भार ट्रकवर टाकते. बंक (एकावर एक) बेडवालं हलक्यातलं फिफ्थ व्हील, भरल्यावर ९,५०० पौंड, म्हणजे पिनवर १,९००. वर हिचचे, म्हणजे बेडमधल्या जोडणीचे, १५०. झाले २,०५०. तुझ्याकडे आहेत ९६५.

मंदार: मग 'हाफ-टन टोएबल' कशाच्या जोरावर लिहितात?

प्राजक्ता: रिकाम्या ट्रेलरच्या जोरावर. ड्राय वेटमध्ये पाणी नाही, भांडी नाहीत, बॅटरीसुद्धा बहुतेकदा नसते. आणि ओढण्याची ताकद वेगळी, पाठीवर घेण्याची वेगळी. इंजिन ओढेल हो, पण मागचा ॲक्सल, स्प्रिंग आणि टायर यांनी ते वजन वाहायचंय.

प्राजक्ता: ट्रॅव्हल ट्रेलरचंही ड्राय टंग वेट, म्हणजे रिकामा ट्रेलर बॉलवर टाकतो तो भार, धरू नकोस हां मंदार. कागदावर ६२० असतं. त्यात ए-फ्रेमवर, म्हणजे ट्रेलरच्या पुढच्या त्रिकोणी सांगाड्यावर, दोन बॅटऱ्या, म्हणजे १०० ते १२०. वीस-पौंडी दोन प्रोपेन टाक्या भरलेल्या, प्रत्येकी ३७ च्या आसपास. मग पुढच्या कप्प्यात तवा, कुकर, गहू-तांदूळ. ८०० कधी ओलांडतात कळत नाही. ट्रेलरच्या जी-व्ही-डब्ल्यू-आर वरच, म्हणजे भरल्यावरच्या कमाल परवानगीच्या वजनावरच, १३ टक्के काढायचे, म्हणजे फसगत होत नाही.

सुहासकाका: बरोबर. ७,००० च्या ट्रेलरचे ९१०, वेट डिस्ट्रिब्यूशन हिचचे (बार लावून भार पुढच्या चाकांवरही वाटणारी जोडणी) ९०, झाले १,०००. मंदार, तू ३५ पौंडांनी बाहेर. ६,००० चा घेतलास तर ७८० अधिक ९० म्हणजे ८७०. बसतोस, ९५ शिल्लक. तुझी हद्द ६,००० जी-व्ही-डब्ल्यू-आर. त्यात दोन बंक आणि एक मोठा बेड आरामात येतो.
ट्रकच्या मागच्या रिसीव्हरवरचं, म्हणजे हिच बसतं त्या नळीवरचं, लेबलही वाच. त्यावर दोन जोड्या असतात, नुसत्या बॉलवर किती आणि वेट डिस्ट्रिब्यूशन लावून किती. बऱ्याच हाफ-टनांना नुसत्या बॉलवर ५,००० पौंड आणि टंग ५०० एवढीच परवानगी असते.

नीलेश: आणि ट्रकच बदलला तर? थ्री-क्वार्टर-टन डिझेल, एक वर्ग वरचा?

सुहासकाका: इथे गंमत आहे. थ्री-क्वार्टर-टन ट्रकचा जी-व्ही-डब्ल्यू-आर बऱ्याचदा १०,००० पौंडांवर अडवलेला असतो आणि डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा कितीतरी जड. त्यामुळे डिझेलचा पेलोड, म्हणजे दारावरच्या स्टिकरचा आकडा, पुष्कळदा २,००० ते २,५०० मध्येच अडकतो, त्याच ट्रकचा पेट्रोल अवतार ३,००० च्या पुढे जातो.
१२,००० चं फिफ्थ व्हील धर. पिन २,४००, हिच १८०, वर मंदारचे ६९०. बेरीज ३,२७०. हे वन-टनचं, म्हणजे त्याही वरच्या वर्गाचं, काम झालं. म्हणजे फिफ्थ व्हीलच्या किमतीत ट्रकची किंमत मिळवूनच बोलायचं.

वर्षाताई: किमतीचं राहू दे बाजूला. मंदार, आईंचे गुडघे म्हणालास ना? फिफ्थ व्हीलमध्ये बेडरूम वर असते, ट्रकच्या बेडच्या डोक्यावर. आतल्या आत दोन-तीन पायऱ्या, अरुंद. बहुतेक मॉडेलांत बाथरूमही वरच किंवा पायऱ्यांच्या मधे. रात्री दोनदा उठायचं म्हणजे चढ-उतार आलीच. ट्रॅव्हल ट्रेलरची फरशी सपाट. बाहेरच्या दाराला पायऱ्या दोन्हीकडे असतातच, तिथे घट्ट पकड देणारा मोठा हँडल आणि जमिनीवर टेकणाऱ्या पायऱ्या निवड. लोंबत्या घडीच्या पायऱ्या पाय ठेवला की हलतात.

मंदार: ताई, हे डोक्यातच आलं नव्हतं 🙏

वर्षाताई: अजून एक. ट्रेलर बघायला जाशील तेव्हा स्लाइड, म्हणजे मुक्कामी बाहेर सरकणारा खोलीचा भाग, आत घ्यायला सांग आणि मग आत शिर. बाथरूमपर्यंत जाता येतं का? फ्रिज उघडतो का? वाटेत जेवायला थांबल्यावर स्लाइड बाहेर काढायला जागा नसते.

नीलेश: पण चालवताना फिफ्थ व्हील जास्त स्थिर, हे तर खरं ना? ट्रॅव्हल ट्रेलर डुलतो म्हणतात.

प्राजक्ता: खरं आहे, आणि कारण साधं आहे. फिफ्थ व्हीलची पिन मागच्या ॲक्सलच्या बरोबर वर किंवा किंचित पुढे. ट्रेलरने बाजूला ढकललं तर ट्रकच्या शेपटीला तरफ मिळत नाही. ट्रॅव्हल ट्रेलरचा बॉल ॲक्सलच्या चार-पाच फूट मागे. बाजूने मोठा ट्रक गेला, हवेचा दाब ट्रेलरला ढकलतो, ट्रेलर बॉलला ढकलतो, बॉल ट्रकचं शेपूट हलवतो, नाक उलट्या दिशेला वळतं.
पण डुलणं बहुतेकदा आपणच विकत घेतो. टंग वेट १० टक्क्यांच्या खाली गेलं की झालं सुरू. मागच्या बंपरवर चार सायकली लटकवणं हा हमखास मार्ग. तो बंपर मुळात सांडपाण्याचा पाइप ठेवायची पातळ चौकोनी नळी असते. दुसरं, गोड्या पाण्याची टाकी ॲक्सलच्या मागे असेल आणि ती भरून निघालात तर ४० गॅलन म्हणजे ३३३ पौंड मागे. टाकी कुठे आहे ते खरेदीआधी खाली वाकून बघ.

नीलेश: आणि डुलायला लागलाच तर?

प्राजक्ता: ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं, ब्रेक कंट्रोलरची (ट्रेलरचे ब्रेक चालवणारी ट्रकमधली पेटी) हाताची कळ दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायचे. ट्रकचा ब्रेक दाबला तर ट्रेलर मागून आणखी ढकलतो. स्टिअरिंगने दुरुस्त करायला गेलात की डुलणं वाढतं. कळ बोटांना सवयीची हवी, म्हणून निघताना रिकाम्या सपाट रस्त्यावर ताशी २५ मैलांवर एकदा दाबून बघायची. चाकं लॉक झाली तर गेन, म्हणजे ट्रेलरच्या ब्रेकचा जोर, कमी करायचा, ब्रेक जेमतेम लागला तर वाढवायचा.

सुहासकाका: वेट डिस्ट्रिब्यूशन हिच डीलरने बसवून दिलं म्हणजे झालं असं समजू नकोस. सपाट जागी पुढच्या चाकाच्या कमानीची उंची तीनदा मोज: ट्रेलर नसताना, ट्रेलर टेकवून पण बार न लावता, आणि बार लावून. समजा ३७ इंच, मग ३८, मग ३७.५. म्हणजे पुढून उचललं गेलेलं अर्धं परत खाली आलं. किती परत आणायचं ते ट्रकच्या मॅन्युअलमध्ये असतं, पुष्कळ ठिकाणी अर्ध्याच्या आसपास. पुढचा ॲक्सल हलका राहिला तर स्टिअरिंग तरंगतं, ओल्या रस्त्यावर जास्तच.
बार चढवताना झटापट करायची नाही. कपलर, म्हणजे ट्रेलरचं पुढचं तोंड, बॉलवर लॉक करून टंग जॅकने ट्रकचं शेपूट वर उचलायचं, बार अलगद बसतात.

मंदार: काका, फिफ्थ व्हील तर बाद झालंच. पण धाकट्या चुलतभावाकडे टेक्ससमध्ये वन-टन आहे, तोही बघतोय. त्याला काय सांगू?

सुहासकाका: त्याला फक्त हाय हिचचा, म्हणजे पिन नीट न अडकण्याचा, धोका सांग. जोडताना ट्रेलरची प्लेट हिचच्या प्लेटपेक्षा किंचित खाली हवी, म्हणजे ट्रक मागे घेतल्यावर ती चढणीवरून घासत वर येते आणि पिन जबड्यात खोल बसते. प्लेट उंच राहिली तर पिन जबड्याच्या वरच्या कडेवर अडकते, हँडल मात्र बंद होतं, सगळं ठीक दिसतं. पहिल्या खड्ड्यात ट्रेलर ट्रकच्या बेडच्या कडांवर आपटतो.
म्हणून खाली वाकून टॉर्चने बघायचं. दोन प्लेटांमध्ये फट दिसता कामा नये, जबडा पिनभोवती बंद हवा. मग ट्रेलरचे पाय जमिनीला टेकलेले, चाकांना अडकण लावलेलं, ट्रेलरचे ब्रेक दाबून ट्रक हळूच पुढे ओढायचा. सुटला नाही तरच पाय वर घ्यायचे. आणि ट्रक मागे घेण्याआधी टेलगेट खाली!

नीलेश: त्याचा बेड आखूड असेल तर?

सुहासकाका: साडेपाच-साडेसहा फुटी बेडमध्ये काटकोनात वळताना ट्रेलरचं नाक मागच्या काचेला भिडू शकतं. स्लायडर हिच लागतं. ते आणखी जड आणि बऱ्याच मॉडेलांत वळणाआधी थांबून हाताने मागे सरकवावं लागतं. आठ फुटी बेड असेल तर हा प्रश्नच नाही. शिवाय बेडच्या कडा आणि ट्रेलरचं पोट यांत सहा इंच तरी अंतर हवं, नाहीतर उतारावरच्या पेट्रोल पंपात शिरताना घासतं.

वर्षाताई: लायसनचं कोणी बोललंच नाही. आपल्याकडे कॅलिफोर्नियात साध्या क्लास सी वर १०,००० पौंड जी-व्ही-डब्ल्यू-आरपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो. त्यावरचा ट्रॅव्हल ट्रेलर असेल तर नॉन-कमर्शियल क्लास ए. पण फिफ्थ व्हील १०,००० च्या वर, १५,००० पर्यंत असेल तर क्लास सी वर एक एंडोर्समेंट, म्हणजे लायसनवरची जादा परवानगी, पुरतं. मंदारचं ६,००० चं, त्याला काहीच नको. वेग मात्र सगळ्यांना ५५, ट्रेलर ओढताना कॅलिफोर्नियात तीच मर्यादा आहे.

मंदार: आईला फिरते घर दाखवायचं म्हणून योसेमिटी नक्की. आत जाईल का?

प्राजक्ता: तिथल्या अप्पर पाइन्स कॅम्पग्राउंडमध्ये ट्रेलरची मर्यादा २४ फूट. लोअर आणि नॉर्थ पाइन्सला ३५. आणि मॉडेलच्या नावातल्या आकड्यावर जाऊ नकोस. नावात २२ असलं तरी टंग आणि बंपर धरून २६ भरू शकतो. टेप घेऊन कपलरपासून मागच्या बंपरपर्यंत मोज.
लांबीत फिफ्थ व्हीलची एक बाजू मात्र जमेची. पुढचा भाग ट्रकवर चढतो, त्यामुळे आतल्या तेवढ्याच जागेला ट्रकसकट एकूण लांबी कमी भरते. पण उंची १३ फुटांच्या आसपास, ट्रॅव्हल ट्रेलर १० ते ११.५. झाडांच्या फांद्या आणि जुन्या पेट्रोल पंपांची छपरं बघून चालावं लागतं.

नीलेश: ३० अँपवर कुकर-इंडक्शन सगळं चालतं का?

प्राजक्ता: ३० अँप म्हणजे ३,६०० वॅट. एसी १३ अँप, इंडक्शन पूर्ण आचेवर १५. झाले २८. त्यात विजेवरचा गिझर चालू राहिला की ब्रेकर पडलाच. गिझर प्रोपेनवर टाकायचा, पोळ्या होईपर्यंत एसी बंद. फोडणी शक्यतो बाहेरच्या शेगडीवर, आत केलीत तर छतावरचा पंखा चालू करून, नाहीतर धुराचा अलार्म अख्ख्या कॅम्पला उठवतो 😄 मोठ्या फिफ्थ व्हीलला ५० अँप असतं, १२० व्होल्टच्या दोन लाइन, १२,००० वॅट. तिथे ही कसरत नाही.

सुहासकाका: मंदार, जुना घेणार असशील तर दाराजवळची आणि चारही कोपऱ्यांतली जमीन टाचेने दाबून बघ. मऊ लागली तर छतातून पाणी मुरलंय, भाव पाडूनही घेऊ नकोस. बाहेरच्या भिंतीवर फुगे दिसले तरी तेच. टायरच्या बाजूला डी-ओ-टी पुढचे शेवटचे चार आकडे बघ. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही नवी दिसो, पाच-सहा वर्षांनंतर बदलायचेच. आणि घरी आणताना चाकांचे नट १०, २५ आणि ५० मैलांवर टॉर्क रेंचने तपास. नवीन चाक बसलं की ते सैल होतात.
सामान भरून झालं की कॅट स्केलवर जा, हा वजनकाटा हायवेवरच्या ट्रक स्टॉपला असतो. आधी सगळ्यांना बसवून नुसता ट्रक, मग ट्रेलरसकट बार न लावता. दोन्ही वेळच्या ट्रकच्या ॲक्सलांच्या बेरजेतला फरक म्हणजे तुझं खरं टंग वेट.

मंदार: आणि सोसायटीत लावायला?

वर्षाताई: सामान भरा-उतरायला ड्राइव्हवेवर चालेल, मुक्कामाला नाही. नियमावली वाच. स्टोरेजची जागा ट्रेलर घेण्याआधी नक्की कर, छप्पर असलेली मिळाली तर उत्तम. इथलं ऊन छताचं सीलंट खातं.

प्राजक्ता: अप्पर पाइन्सचं बुकिंग पाच महिने आधी, दर महिन्याच्या १५ तारखेला सकाळी ७ वाजता उघडतं. काही मिनिटांत संपतं. फॉर्ममध्ये ट्रेलरची लांबी विचारतात, तिथे टेपने मोजलेलीच टाक.

मंदार: टेप गाडीत ठेवला. शनिवारी आधी माझं दार, मग त्यांचा ट्रेलर.