मदत हवी आहे: ट्रिप्टोफॅनमुळे युरोपियमची चमक खरंच विझते का?

नमस्कार मंडळी. इथे कोणी लॅन्थनाइडच्या (युरोपियमसारख्या धातूंच्या) प्रकाशमान पदार्थांवर काम केलंय का?

पाण्यातली अमिनो आम्लं ओळखता यावीत म्हणून मी सिलिकाच्या सूक्ष्म कणांवर युरोपियम आणि डायपिकोलिनिक आम्लाचं कॉम्प्लेक्स बसवलं आहे. 280 नॅनोमीटरच्या आसपास उत्तेजित केलं की 615 ला सुरेख लाल प्रकाश मिळतो. ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल घातलं की तो झपाट्याने उतरतो, ग्लायसिन हे दुसरं घातलं तर जवळपास फरक पडत नाही. बघून फार आनंद झाला, पण शंका पाठ सोडत नाही.

ट्रिप्टोफॅन स्वतःच 280 ला भरपूर प्रकाश शोषतं. मग माझ्या अँटेनापर्यंत (प्रकाश शोषून युरोपियमला ऊर्जा देणाऱ्या डायपिकोलिनिक आम्लापर्यंत) प्रकाश पोहोचण्याआधीच ते तो गिळत असेल, तर याला सेन्सिंग कसं म्हणायचं? लाइफटाइम (उत्तेजनानंतर चमक टिकण्याचा काळ) मोजला, तो बदलत नाही. म्हणजे टकरीतून होणारं क्वेंचिंग (चमक विझणं) नाही. पण स्टॅटिक क्वेंचिंगमध्येही (ट्रिप्टोफॅन कॉम्प्लेक्सला चिकटून चमक विझवतं तेव्हाही) लाइफटाइम तसाच राहतो! प्रकाश आधीच गिळला जाणं आणि स्टॅटिक क्वेंचिंग, या दोघांत फरक कसा दाखवायचा? अ‍ॅबसॉर्बन्सवरून (द्रावण किती प्रकाश शोषतं त्यावरून) केलेली दुरुस्ती शोधनिबंधाचे परीक्षक पुरेशी मानतात का? कण प्रकाश विखुरतात, त्यामुळे त्या दुरुस्तीवर माझा पूर्ण भरवसा नाही.

दुसरा मार्ग म्हणजे 340 च्या पुढे शोषणारा अँटेना घेणं, कारण तिथे ट्रिप्टोफॅन आडवं येत नाही. बीटा-डायकीटोन सुचतात, पण ते पाण्यात कितपत टिकतात? फॉस्फेट युरोपियमला ओढून घेतं म्हणून बफर (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण) फॉस्फेटचा न घेता हेपेसचाच आहे. अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा, आलेख लगेच पाठवते.