कॉकाटील पोपट उन्हाने मलूल पडलाय, ओआरएस कसं पाजू? अर्जंट

वर्धेकर:
नमस्कार मंडळी, काल दुपारी लाइट गेली आणि माझा कॉकाटील गॅलरीतच राहिला, बाहेर ४५ च्या वर टेम्परेचर. आज पिंजऱ्याच्या तळाशी अंग फुलवून बसलाय, दाणे सोलत नाही, डोळे अर्धे मिटलेले, शी एवढीशी आणि घट्ट. घरी ओआरएसची पुडी आहे, सिरिंजने पाजू का? आई म्हणते दूधभात भरव.

पोपटवाली ताई:
दूध नको हो, पक्ष्यांना पचत नाही. भातही आत्ता नको, अंगात पाणी नसलं की गळ्याखालची क्रॉपची पिशवी रिकामी होत नाही, अन्न तिथेच आंबतं. पुडीवर १ लिटर लिहिलंय ना, मग अख्खी पुडी १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात, अंदाजाने चिमूटभर टाकू नका, मीठ जास्त झालं तर एवढ्याशा जिवाला झेपत नाही. त्यातलं वाटीभर कोमट करा, सुई काढलेल्या सिरिंजने चोचीच्या कडेला एक थेंब नुसता टेकवा आणि थांबा, जीभ हलवून तो स्वतः ओढून घेतो, मगच पुढचा. पिचकारी मारू नका, श्वासनळीचं तोंड जिभेच्या मागेच असतं. दिवसाची गरजच ४-५ मिली असते त्याची, घाई नको. उरलेलं २४ तासांनी फेका.

बजीप्रेमी:
ताई बरोबर सांगतायत, फक्त आधी अंग बघा. चोच उघडी टाकून धापत असेल तर गार जागा हवी, पण हा फुलून बसलाय म्हणजे आता त्याला थंडी वाजतेय, कूलर बंद करा, पिंजऱ्याच्या एकाच बाजूला बल्ब लावा म्हणजे नको वाटलं तर सरकता येईल. माझी बजी (तीही छोटा पोपटच) गेली ती यातच, अंग गार होतं आणि मी पाणीच पाजत बसलो, अजून जिवाला लागतं ते. मान टाकली तर तोंडाने काहीच देऊ नका, मग डॉक्टरच कातडीखाली सलाइन देतात.

वर्धेकर:
बल्ब लावला, तीन तासांत दीडेक मिली गेलं, आत्ताच्या शीमध्ये थोडं पाणी दिसलं!! किचनच्या काट्यावर ८२ ग्रॅम भरला, मार्चमध्ये ९४ होता. उद्या नागपूरला नेतो.

पोपटवाली ताई:
१२ ग्रॅम म्हणजे फार झालं दादा, उद्या नको, आजच निघा. सेमिनरी हिल्सला व्हेटरनरी कॉलेज आहे, आधी फोन करून पक्ष्यांचे डॉक्टर आहेत का विचारा. चालत्या गाडीत पाजू नका, थांबून पाजा.