अमेरिकी नागरिकत्व : मुलाखत झाली, टेस्ट पास, पण निर्णयच येत नाही. काय करावं?

नवखा_जर्सीकर

नमस्कार मंडळी. एन-४०० ची, म्हणजे नागरिकत्वाच्या अर्जाची, मुलाखत होऊन चार महिने उलटून गेलेत. इंग्रजी आणि सिव्हिक्स (अमेरिकेचा इतिहास व राज्यव्यवस्था) दोन्ही पास. अधिकाऱ्याने एन-६५२ चा, म्हणजे मुलाखतीच्या निकालाचा, कागद हातात दिला, त्यावर 'निर्णय आत्ता घेता येत नाही' या चौकोनात खूण आहे. कारण विचारलं तर 'रिव्ह्यू बाकी आहे' एवढंच. ऑनलाइन खात्यात तेव्हापासून एकही नवी ओळ नाही. फोन केला की 'थांबा' म्हणतात.

प्रश्न तीन आहेत. (१) १२० दिवसांचा जो नियम म्हणतात तो नेमका काय आणि त्याचा उपयोग कसा करायचा? (२) ग्रीन कार्डाची मुदत संपली आहे आणि आईची तब्येत बघता साताऱ्याला जावं लागेल असं दिसतंय. या अवस्थेत जाणं सुरक्षित आहे का? (३) मुलगी पुढच्या वर्षी १८ ची होईल. तिच्यावर या उशिराचा काही परिणाम होतो का? अर्जात बायकोचं काही नाही, ती वेगळ्या रांगेत आहे. पूर्वी एक स्पीडिंग तिकीट आहे, दंड भरलेला. जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

फाईलवाला

आधी तो एन-६५२ नीट वाचा. 'मंजुरीसाठी शिफारस' अशी खूण असती तर अडकलं असतं ते पुढचं टोक, म्हणजे वरिष्ठांची सही किंवा शपथेची तारीख. तुमच्याकडे 'निर्णय घेता येत नाही' आहे, म्हणजे अधिकाऱ्याला काहीतरी कमी वाटतंय किंवा एखादी तपासणी परत आलेली नाही. ही दोन दुखणी वेगळी, म्हणून औषधही वेगळं.

मुलाखतीनंतर अडकण्याची नेहमीची कारणं अशी. एफबीआयची नावाची तपासणी खरं तर मुलाखतीआधी पूर्ण व्हायला हवी, नियमच तसा आहे. पण मधल्या काळात नवी नोंद जुळली की फाईल परत थांबते. बोटांच्या ठशांची तपासणी १५ महिने चालते, ती संपली तर ती पुन्हा करावी लागते. ग्रीन कार्डाची मूळ फाईल दुसऱ्या ऑफिसात असेल तर ती यायची वाट. आणि सगळ्यात त्रासाचं म्हणजे ग्रीन कार्ड मुळात बरोबर मिळालं होतं का, याची नव्याने तपासणी. नोकरीतून कार्ड मिळवलेल्यांनी कार्ड हाती येताच स्पॉन्सर कंपनी सोडली असेल तर प्रश्न इथे निघतो.

आपल्या लोकांत एक खास भानगड असते ती नावाची. माहेरचं आडनाव, सासरचं आडनाव, मधल्या नावात एकदा वडील आणि एकदा नवरा, आणि पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असल्याने व्हिसावर आलेलं 'एफएनयू' (पहिलं नाव अज्ञात). अर्जात लिहिलेलं प्रत्येक नाव वेगळं तपासलं जातं. म्हणून एखादं नाव लिहायचं राहिलं असेल तर ते लेखी कळवून टाका. अधिकाऱ्याला ते स्वतःहून सापडलं की त्याचा सूर बदलतो.

आणखी एक : अर्जात तुम्ही नाव बदलून मागितलं होतं का? बऱ्याच जणांना मधलं नाव गाळायचं असतं. पण नाव बदलण्याचा अधिकार कोर्टाला आहे, म्हणून अशा अर्जदाराची शपथ न्यायाधीशापुढेच होते. काही जिल्ह्यांत असे समारंभ मोजकेच होतात. मंजुरी होऊनही शपथ लांबते त्यामागे कधी कधी एवढंच कारण असतं. नाव बदलाची मागणी लेखी मागे घेतली की ऑफिसातल्या साध्या समारंभात बसवतात. नाव नंतर राज्याच्या कोर्टातून बदलता येतं.

कलम_१४४७

१२० दिवसांबद्दल. संघराज्याच्या कायद्यात, आठव्या शीर्षकातलं कलम १४४७(ब) म्हणतं की 'एक्झॅमिनेशन' च्या म्हणजे मुलाखतीच्या तारखेपासून १२० दिवसांत निर्णय झाला नाही तर अर्जदार राहतो त्या जिल्ह्याच्या फेडरल कोर्टात जाऊ शकतो. कोर्ट स्वतः निर्णय देऊ शकतं किंवा सूचना देऊन प्रकरण यूएससीआयएसकडे (नागरिकत्वाचे अर्ज हाताळणारं सरकारी खातं) परत पाठवू शकतं. याचा अर्थ १२१ व्या दिवशी मंजुरी मिळते असा नाही. हा दारापर्यंतचा हक्क आहे, निकालाचा नाही. दिवस मोजताना मुलाखतीचा दिवस सोडून पुढचा पहिला धरा. इंग्रजी किंवा सिव्हिक्समध्ये नापास होऊन दुसरी परीक्षा दिली असेल तर बहुतेक कोर्टं पहिल्या मुलाखतीपासूनच मोजतात, पण दुसऱ्या तारखेपासून मोजलंत तर सरकारी वकिलाला हरकत घ्यायला जागाच उरत नाही.

दावा दाखल करायची फी ४०५ डॉलर. प्रतिवादी म्हणून सहसा फील्ड ऑफिसचा प्रमुख, यूएससीआयएसचा संचालक आणि गृहसुरक्षा खात्याचा सचिव यांची पदनामानिशी नावं घालतात, कोणी अॅटर्नी जनरललाही घालतं. तक्रारीसोबत जोडायच्या गोष्टी थोड्याच : अर्जाची पावती, मुलाखतीची नोटीस, एन-६५२, ग्रीन कार्डाची प्रत आणि केलेल्या चौकशांची तारीखवार नोंद. समन्स तीन ठिकाणी पोचवावे लागतात. एक तुमच्या जिल्ह्याच्या यूएस अॅटर्नीच्या (केंद्र सरकारच्या वकिलाच्या) ऑफिसात, दुसरा वॉशिंग्टनला अॅटर्नी जनरलला नोंदणीकृत किंवा सर्टिफाइड टपालाने, तिसरा ज्यांच्यावर दावा आहे त्यांना. हे तुम्ही स्वतः करायचं नसतं, खटल्यात नसलेली १८ वर्षांवरची कोणतीही व्यक्ती करते. समन्स पोचवायला ९० दिवस मिळतात. यूएस अॅटर्नीला समन्स मिळाल्यापासून सरकारला उत्तराला ६० दिवस. खरी हालचाल याच ६० दिवसांत होते, कारण आता फाईल एका सरकारी वकिलाच्या टेबलावर असते आणि न्यायाधीशाला उत्तर द्यायची तारीख तिला लागलेली असते. पुष्कळ प्रकरणं अशीच सुटतात : निर्णय देतात आणि दावा मागे घेतला जातो.

एक तांत्रिक मुद्दा लक्षात असू द्या. पश्चिमेकडच्या नवव्या सर्किटमध्ये (सर्किट म्हणजे फेडरल अपील कोर्टाचा विभाग), तसंच चौथ्या सर्किटमध्ये दावा दाखल झाला की निर्णयाचा अधिकार कोर्टाकडे जातो. मग दोन्ही पक्षांनी मिळून प्रकरण परत पाठवण्याचा अर्ज करावा लागतो, त्यानंतरच यूएससीआयएस मंजुरी देऊ शकतं. वकील नसेल तर हे कागद आधी वाचून ठेवा.

मुलाखतच झाली नसेल तर हे कलम लागू होत नाही, तेव्हा मँडेमसचा, म्हणजे खात्याला अडलेलं काम करायला लावणाऱ्या कोर्टाच्या आदेशाचा, मार्ग धरतात. दोन्ही एकच समजून चुकीचा दावा लावणारे भेटतात, म्हणून सांगितलं.

सबुरीताई

कलम_१४४७ यांचं सगळं बरोबर आहे, पण दावा कुणी लावू नये तेही सांगायला हवं. ज्यांच्या फाईलमध्ये अटक, न भरलेला कर, पोटगीची थकबाकी, सहा महिन्यांपेक्षा लांब गैरहजेरी किंवा ग्रीन कार्डाच्या पायावरच शंका आहे, त्यांनी इमिग्रेशनचा अनुभव असलेल्या वकिलाला अख्खी फाईल दाखवल्याशिवाय कोर्टात जाऊ नये. झोपलेली फाईल जागी करून थेट नकार घेतलेले लोक असतात. नकारावर एन-३३६ ने ३० दिवसांत सुनावणी मागता येते, पण ती फी, तो वेळ आणि ती धाकधूक वेगळी. ग्रीन कार्डाच्या पायातच खोट निघाली तर प्रकरण नागरिकत्वापुरतं राहत नाही. दंड भरलेलं स्पीडिंगचं तिकीट या यादीत नाही. त्याची पावती आणि कोर्टाची नोंद जवळ ठेवा म्हणजे झालं.

कोर्टाआधीचे टप्पे क्रमाने करा. संपर्क केंद्राला फोन, १-८००-३७५-५२८३. पहिल्या माणसाला पडद्यावर तुम्हाला दिसतं तेवढंच दिसतं, त्याच्याशी वाद घालून उपयोग नाही. 'मुलाखतीनंतर १२० दिवस झाले, टियर टू कडे द्या' (म्हणजे वरच्या पातळीच्या अधिकाऱ्याकडे) एवढंच म्हणा, सर्व्हिस रिक्वेस्टचा नंबर लिहून घ्या. ऑनलाइन 'ठरलेल्या वेळेच्या बाहेर' ही विनंती अर्ज भरल्याच्या तारखेवर चालते, त्यामुळे मुलाखत होऊन बरेच दिवस झाले तरी ती पुष्कळदा स्वीकारली जात नाही. त्यावर रागावू नका, तिची मोजणीच वेगळी आहे.

त्यानंतर तुमच्या काँग्रेस सदस्याचं ऑफिस. त्यांच्या संकेतस्थळावर प्रायव्हसी रिलीजचा (तुमची माहिती मागवायला परवानगी देणारा) फॉर्म असतो. त्यावर ए-नंबर (ग्रीन कार्डावरचा तुमचा क्रमांक), पावती क्रमांक, मुलाखतीची तारीख आणि सही. पत्र अर्ध्या पानाचं पुरे. सिनेटर आणि प्रतिनिधी या सगळ्यांकडे एकदम जाऊ नका. चौकशा एकाच टेबलावर पोचतात आणि प्रत्येकीचं तेच छापील उत्तर येतं. एकाकडे जा, उत्तर येऊ द्या, मग दुसरा. या चौकशीने निर्णय होईलच असं नाही, पण 'पार्श्वभूमी तपासणी बाकी' की 'अधिकाऱ्याचा आढावा बाकी' एवढं तरी कळतं आणि पुढचं पाऊल त्यावर ठरतं.

एन-१४ म्हणजे कागदांची मागणी आली असेल तर त्यावरच्या मुदतीत, एका खेपेत, तेच पत्र सगळ्यांत वर ठेवून उत्तर द्या. कराचं मागितलं असेल तर आयआरएसचा म्हणजे कर खात्याचा ट्रान्सक्रिप्ट (अधिकृत उतारा) द्या, स्वतः छापलेला रिटर्न नको. कोर्टाचं मागितलं असेल तर शिक्क्यासह निकालपत्र. न मागितलेले कागद पाठवत राहू नका, प्रत्येक नवा गठ्ठा कुणाला तरी वाचावा लागतो.

उडाणटप्पू_पण_नियमात

प्रवासाबद्दल. एन-४०० ची पावती १२ डिसेंबर २०२२ नंतरच्या अर्जाची असेल तर तिच्यावरच लिहिलेलं असतं की ग्रीन कार्डाची मुदत छापील तारखेपासून २४ महिने वाढली आहे. कार्ड आणि ती मूळ पावती दोन्ही बरोबर ठेवा. मुंबईच्या चेक-इन काउंटरवर सगळ्यांना हे माहीत असेलच असं नाही, म्हणून यूएससीआयएसच्या पानाचा प्रिंट जवळ असू द्या आणि एक तास जादा घेऊन जा. २४ महिनेही संपत आले असतील किंवा कार्ड हरवलं असेल तर संपर्क केंद्राकडून वेळ घेऊन पासपोर्टवर आय-५५१ चा (ग्रीन कार्डाचा तात्पुरता पुरावा) शिक्का मारून घ्या. तो भारतात मिळत नाही, निघण्याआधीच घ्यायचा.

किती दिवस राहायचं? सलग निवासाची अट शपथेपर्यंत लागू राहते, मुलाखतीपर्यंत नाही. सहा महिन्यांच्या आत परत या, खरं तर त्याच्या बरंच आधी. शपथेच्या नोटिशीच्या म्हणजे एन-४४५ च्या मागच्या बाजूला मुलाखतीनंतर परदेशी गेला होतात का, काही दंड किंवा तिकीट झालं का, लग्न किंवा घटस्फोट झाला का, असे प्रश्न असतात. प्रवासाला 'हो' लिहायचं आणि तारखा सांगायच्या. खरं उत्तर अडत नाही, लपवलेलं अडतं. उत्तरं समारंभाच्या दिवशीच लिहायची असतात, घरी आधी भरून ठेवू नका.

तुम्ही साताऱ्यात असताना शपथेची नोटीस आली तर? टपाल बघायला कुणाला तरी सांगा, खातं रोज उघडा. जाता येत नसेल तर नोटीस आणि कारणाचं पत्र त्या ऑफिसला पाठवून नवी तारीख मागा. न कळवता एकापेक्षा जास्त वेळा गैरहजर राहिलात तर अर्ज सोडून दिल्याचं धरतात. घर बदललं तर १० दिवसांत पत्ता कळवा, आणि टपाल खात्याला वेगळं कळवा.

आईच्या तब्येतीसाठी हे जास्त महत्त्वाचं : शपथेच्या सभागृहात शिरताना ग्रीन कार्ड काढून घेतात. शपथ घेतली की भारताच्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार भारतीय नागरिकत्वही संपतं, म्हणजे भारतीय पासपोर्ट प्रवासाला चालत नाही. अमेरिकी पासपोर्ट अजून हातात नाही. त्यासाठी नॅचरलायझेशनचं मूळ सर्टिफिकेट अर्जाबरोबर द्यावं लागतं, म्हणून आधी त्याच्या प्रती काढा. पुढे भारताचा ई-व्हिसा, कारण ओसीआयला (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड) सरेंडर सर्टिफिकेट, म्हणजे भारतीय पासपोर्ट परत केल्याचा दाखला, लागतं आणि त्याला वेळ जातो. तेव्हा आईला भेटायचं असेल तर शपथेच्या आधी भेटून या, किंवा पासपोर्टसाठी तातडीच्या अपॉइंटमेंटची तयारी ठेवा. शपथ झाली की लगेच निघू, हा बेत सर्वांत वाईट.

फाईलवाला

मुलीचं कुणी सांगितलं नाही. २००० च्या चाइल्ड सिटिझनशिप कायद्याने, ती १८ च्या आत असताना, ग्रीन कार्डावर, तुमच्या ताब्यात आणि तुमच्याबरोबर इथे राहत असताना तुमची शपथ झाली तर ती त्याच दिवशी आपोआप नागरिक. तिला वेगळी परीक्षा नाही, सरळ पासपोर्टचा अर्ज करायचा, हवा तर एन-६०० (नागरिकत्वाच्या प्रमाणपत्राचा अर्ज). पण वाढदिवस आधी आला तर हा मार्ग बंद. मग तिला १८ नंतर स्वतःचा एन-४००, तिच्या कार्डाला पाच वर्षं झाली असतील तर लगेच, नसतील तर तोवर थांबून.

म्हणून काँग्रेस ऑफिसच्या पत्रात मुलीची जन्मतारीख पहिल्याच ओळीत घाला आणि दाव्यातही तो मुद्दा वेगळ्या परिच्छेदात द्या. उशिरामुळे भरून न येणारं नुकसान होतंय, हे न्यायाधीशाला समजायला ती तारीख पुरते. आईचा आजार मात्र वेगळ्या ठिकाणी उपयोगी पडेल : मंजुरी झाल्यावर कुटुंबातल्या गंभीर आजाराच्या कारणाने शपथ लवकर घेण्याची विनंती कायद्यात आहे. डॉक्टरांचं पत्र इंग्रजीत, लेटरहेडवर, निदान आणि तारखेसह आत्ताच मागवून ठेवा.

नवखा_जर्सीकर

सगळ्यांचे आभार. नाव बदलून मागितलं होतं हे फाईलवाल्यांनी विचारल्यावर आठवलं. तो रकाना भरलेला आहे. मंजुरीआधीच ती मागणी मागे घेता येते का?

फाईलवाला

येते. ए-नंबर घालून सहीचं दोन ओळींचं पत्र त्याच फील्ड ऑफिसला, सर्टिफाइड टपालाने. एक प्रत ऑनलाइन खात्यात अपलोड करा. पण आत्ताची अडचण त्याने सुटणार नाही, ती शपथेच्या टप्प्यावर कामाला येईल. आत्ता काँग्रेस ऑफिसचा फॉर्म भरा.