गोल पटाशीची धार : कोपरे झिजतात, मधे खाच पडते

सागवेडा :
१२ आणि २० मिमीच्या दोन गोल पटाश्या आहेत, उतार (धारेकडचा तिरका घासलेला भाग) बाहेरच्या अंगाला. हार्डवेअरच्या दुकानात मिळतो तो दोन बाजूंचा कार्बोरंडम दगड वापरतो. सपाट पटाशी छान लागते, पण गोल पटाशीचे दोन्ही कोपरे गोलावलेत आणि कडेला मधे किंचित खाच पडलीय. सागावर नक्षी काढताना आडव्या रेषेत तंतू उपटून येतात. ग्राइंडरवर नेऊ का?

किकरे_आणि_रंधा :
ग्राइंडर नको, निदान आत्ता तरी. कोपरे झिजतात ते मनगट जास्त वळल्यामुळे. पटाशी कोपऱ्यापलीकडे गेली की कोपराच दगडावर टेकतो. मधली खाच पडते कारण हात मधोमध जास्त वेळ रेंगाळतो.

आधी कड सरळ करा. पटाशी दगडावर उभी धरून बारीक बाजूवर चार-पाच वेळा हलकेच घासा, म्हणजे खाच आणि कोपरे एका पातळीत येतील. आता दिव्याखाली कडेकडे पाहा, चकाकणारी पांढरी रेघ दिसेल. तो बोथट भाग. पुढचं सगळं काम ही रेघ घालवण्याचं. जिथे रेघ जाड तिथे जास्त घासायचं, जिथे ती केसाएवढी उरली तिथे हात आवरायचा. रेघ गेल्यावरही घासत राहिलात तर पुन्हा खाच पडणार.

घासताना दगड समोर आडवा ठेवा आणि पटाशी त्याच्या लांबीला काटकोनात धरा. हात डावीकडून उजवीकडे नेता नेता पटाशी एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत लोळवा, येताना उलट. कोपरा टेकायच्या आधी थांबायचं. उतारावर मार्करने शाई फासून दोन फेऱ्या मारा, शाई कुठे उरली ते पाहिलं की चूक लगेच कळते.

सागासाठी उताराचा कोन २५ अंश ठेवा. प्रोट्रॅक्टर नसेल तर उताराची लांबी मोजा : पोलाद ३ मिमी जाड असेल तर ती साधारण ७ मिमी भरायला हवी. २० अंशांची धार पांगाऱ्यासारख्या मऊ लाकडात सुरेख चालते, सागात धारेचे टवके उडतात.

घाटदार :
वरचं सगळं बरोबर, पण अर्धं काम आतल्या अंगाला असतं. बाहेरून घासल्यावर पोलादाची पातळ कड आत उलटते. बोट आतून बाहेर, धारेपलीकडे सरकवलं की खरखर लागते (धारेवरून आडवं फिरवू नका, कापेल). कडेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ती लागली तरच दगडाचं काम संपलं.

ती उलटलेली कड काढायला पटाशीच्या पोकळीपेक्षा जरा लहान गोलाईची लाकडी दांडी घ्या, तिला १००० नंबरचा वॉटर पेपर गुंडाळा, मग २०००. दांडी जवळजवळ पोकळीला टेकलेली ठेवून पाच-सहा वेळा फिरवा. सागासाठी इथे मुद्दाम ५ ते १० अंशांचा बारीकसा आतला उतार द्या : कड टिकते, ढलपीही वळून सहज बाहेर पडते.

शेवटी पॉलिश. मऊ लाकडाच्या तुकड्यात त्याच पटाशीने एक लांब खोबण काढा, तिच्यात स्टील पॉलिशची हिरवी वडी घासा आणि पटाशीचा उतार त्यात फक्त मागे ओढा. पुढे ढकलली तर लाकडात रुतेल. ओढ संपताना मूठ वर उचलायची सवय असते, ती मोडा. त्याने धार गोल होते.

सागवेडा :
कड सरळ केल्यावर रेघ स्पष्ट दिसली, डावीकडे जाड आहे. ही धार किती टिकेल? आणि मग ग्राइंडर कधी लागतो?

किकरे_आणि_रंधा :
सागात सिलिका असते, त्यामुळे धार लवकर जाते. दर १५-२० मिनिटांनी खोबणीत दहा वेळा ओढा, म्हणजे दगडाची गरज क्वचितच पडेल. मोठा टवका उडाला असेल तरच ग्राइंडर, आणि तोही दोन-तीन सेकंद टेकवून लगेच पाण्यात. साध्या कार्बन पोलादाची कड निळी पडली तर तिथला कडकपणा गेला. तो निळा भाग घासून काढल्याशिवाय धार टिकत नाही.

तपासणी पांगाऱ्याच्या किंवा पाइनच्या तुकड्यावर, तंतूंना आडवा काप घेऊन करा. चर गुळगुळीत, चमकदार आला पाहिजे. चरात बारीक पांढरी रेघ उमटली तर कडेला त्याच जागी दाता आहे. तेवढ्यासाठी कड पुन्हा सरळ करायला नको, बारीक दगडावर लोळवून आधी पाहा.