मदत हवी आहे: 'शोले'ची जुनी एलपी विकायची आहे

नमस्कार मंडळी. बाबांच्या संग्रहातली 'शोले'ची पॉलिडॉर कंपनीची एलपी (ग्रामोफोनची मोठी तबकडी) विकायची आहे. गाण्यांची, संवादांची नव्हे. संवादांची खूप खपली होती, त्यामुळे ती बऱ्याच घरांत सापडते. गाण्यांच्या एलपीत पंचमदांचं (आर. डी. बर्मन यांचं) शीर्षक संगीत आहे, शिवाय चित्रपटात न आलेली 'चाँद सा कोई चेहरा' ही कव्वालीही आहे. माझ्या मते खरी किंमत तिचीच!

तबकडीवर बारीक ओरखडे आहेत, पण सुई कुठे अडकत नाही. दुसऱ्या बाजूला सुरुवातीला थोडी खरखर आहे. कव्हरची कड खालून उसवलीय, आतली कागदी पिशवी पिवळी पडलीय.

ही १९७५ची पहिली छपाई की नंतरची, हे कसं ओळखायचं? लेबलालगतच्या गुळगुळीत पट्ट्यात काही आकडे कोरलेत, त्यांवरून कळतं का? चोरबाजारात दाखवली तर दुकानदार गठ्ठ्याच्या भावात मागतो, म्हणून थेट संग्राहकालाच द्यावी म्हणतेय. वाजवी भाव काय सांगू? आणि कुरिअरने पाठवायची तर तबकडी कव्हरबाहेर काढून बांधायची का? कव्हर आणखी फाटायला नकोय. जी व्यक्ती ती खरंच लावून ऐकेल, तिलाच द्यायची इच्छा आहे. थोडे पैसे कमी आले तरी चालतील.